झोपेतल्या लाथा आणि पहाटेचा घाम: क्लोनाझेपाम घ्यावं की मेलाटोनिन?

आमच्या बाबांना पार्किन्सन्स आहे. रात्री एकच्या पुढे झोपेत ओरडणं, लाथा झाडणं सुरू व्हायचं आणि पहाटे साडेतीनला बनियन पिळून काढावा इतका घाम. आम्ही दोन्ही त्रास एकच समजलो आणि डॉक्टरांकडे 'झोपेची एखादी गोळी' मागायला गेलो. तुमचंही तेच चाललं असेल, तर आधी एवढं लक्षात घ्या: झोपेची गोळी हा घामावरचा उपाय नाही.

स्वप्नं पडतात त्या झोपेत एरवी स्नायू ढिले पडतात. झोपेत लाथा झाडण्याच्या या विकारात ते पडत नाहीत आणि माणूस स्वप्नातली मारामारी खरोखरच करतो. शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी हा विकार १९८६ मध्ये अमेरिकेत नोंदवला. कित्येकांना हाताचा कंप दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीच तो सुरू झालेला असतो.

त्यावर मुख्यतः दोन औषधं दिली जातात. क्लोनाझेपाम सहसा पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमपासून सुरू करतात. ते अनेकांना लवकर लागू पडतं, पण त्याचा अंमल रात्रीपुरता नसतो. अर्धं औषध अंगातून जायलाच तीस-चाळीस तास लागतात. मग सकाळी गुंगी, तोल जाणं, वयस्करांत गोंधळ. घोरताना श्वास अडकत असेल तर ते आणखी धोक्याचं. मेलाटोनिन साधारण तीन मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. ते सौम्य आहे, गुंगी कमी, पण गुण यायला धीर धरावा लागतो आणि काहींना येतही नाही. प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी, तुलना केलेल्या चाचण्यांत दोन्हींचे निकाल संमिश्र आहेत, त्यामुळे हमखास असं कुणीच नाही.

मग ठरवायचं कशावरून? माझ्या मते बीपीवरून. घाम, बद्धकोष्ठता आणि उभं राहताच येणारी चक्कर, सगळं स्वायत्त मज्जासंस्थेच्या, म्हणजे घाम, पचन, बीपी आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, बिघाडातून येऊ शकतं. पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर रात्री दोनला बाथरूमला उठणाऱ्या अशा माणसाला क्लोनाझेपाम देणं म्हणजे खुब्याचं हाड पणाला लावणं. तिथे आधी मेलाटोनिनच विचारा. बीपी स्थिर, चाल भक्कम, पण झोपेतले फटके बायकोला लागताहेत, अशा वेळी क्लोनाझेपामचा विचार रास्त आहे.

घामासाठी मात्र घड्याळ बघा. अंग आखडलंय, कूस वळवत नाही आणि घाम फुटलाय, पुढच्या डोसनंतर दोन्ही ओसरतं, असं असेल तर लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सवरच्या मुख्य औषधाचा, अंमल उतरल्याचा संशय घ्या. आम्ही आठवडाभर वहीत डोसची आणि घामाची वेळ लिहिली. ती पानं पाहून डॉक्टरांनी रात्रीचा डोसच बदलला. अंग वेडंवाकडं हलत असताना घाम येत असेल, तर प्रकार वेगळा, तेही डॉक्टरांना सांगा. नैराश्यावरची काही औषधं घामही वाढवतात आणि झोपेतल्या लाथाही, तेव्हा तीही यादीत सांगा. सोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर पार्किन्सन्सवर ढकलून गप्प बसू नका. आणि लेव्होडोपा आपल्या मनाने एकदम बंद करू नका. प्रचंड ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

गोळी कुठलीही ठरो, पलंगाजवळचं टोकदार टेबल आजच हलवा आणि खाली जाड गादी टाका.