एका खात्यावर अनेक कार्यालये : ‘मेरी पहचान’चा वर्षभराचा अनुभव

सातार्‍यातील आमच्या घरी सरकारी संकेतस्थळांच्या पासवर्डसाठी एक स्वतंत्र वही होती. मुलीचे प्रवेश, सासूबाईंचे निवृत्तिवेतन, कोरेगावच्या जमिनीचा सातबारा अशा प्रत्येक कामाचे खाते वेगळे होते. एकाच खात्याने अनेक सरकारी संकेतस्थळांवर प्रवेश देणारी, केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये सुरू केलेली ‘मेरी पहचान’ ही सेवा मी वर्षभर वापरली, आणि जी खाती तिला जोडलेली आहेत त्यांची पाने मला वहीतून काढून टाकता आली.

सरकारी कागदपत्रे ऑनलाइन ठेवण्याच्या डिजिलॉकर या सेवेचे खाते असेल तर येथे नवी नोंदणी करावी लागत नाही. ई-प्रमाण आणि जन परिचय या ओळख पटवणाऱ्या सरकारी सेवा हे प्रवेशाचे आणखी दोन मार्ग आहेत. मला सर्वांत मोलाची वाटते ती यामागची रचना. आपली ओळख एकाच ठिकाणी पटवली जाते आणि पुढच्या संकेतस्थळाला ‘ही व्यक्ती तीच आहे’ एवढी खात्री मिळते. पासवर्ड त्याच्या हाती जातच नाही.

या सोयीचे महत्त्व मला एका शिक्षणसंस्थेच्या स्वतंत्र पोर्टलवर कळली. तेथे नोंदवलेला मोबाइल क्रमांक रिचार्जअभावी बंद पडला होता, ओटीपी त्याच क्रमांकावर जात होता आणि अर्जाची मुदत दोन दिवसांवर आली होती. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “ताई, जुना नंबर सुरू असल्याशिवाय आमच्याकडूनही काही होत नाही.” शेवटी लेखी अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि तीन फेर्‍या झाल्यावर खाते उघडले.

मात्र सामाईक खात्यातही सगळा भार मोबाइल क्रमांकावरच असतो, आणि तेथे एक क्रमांक हातचा गेला तर अनेक दारे एकदम बंद होतात. म्हणून जुना क्रमांक बंद करण्यापूर्वी आधारमधील आणि खात्यातील क्रमांक बदलून घ्यावा. सेवा केंद्रातील संगणक वापरताना दुसरीही काळजी घ्यावी लागते, कारण एका संकेतस्थळावरून बाहेर पडले तरी मूळ खाते उघडे राहू शकते. तेथूनही लॉगआउट करूनच उठावे. डिजिलॉकरचा सहा अंकी पिन तर केंद्रचालक कितीही ओळखीचे असले तरी स्वतःच टाकावा.

सासूबाईंचे खाते आजवर माझ्या क्रमांकावर होते. गेल्या आठवड्यात त्यांच्यासाठी साधा फोन घेतला असून आता ओटीपी त्या स्वतः वाचून दाखवतात.