कोल्हापूर ते तिरुपती विमानानं: आईवडलांना घेऊन जाणार असाल तर वाचा

आमच्याकडं तिरुपती म्हटलं की हरिप्रिया एक्सप्रेसच, मिरज बेळगाव हुबळी गुंतकल करत रात्रभर बसायचं आणि वीसेक तासांनी उतरायचं. आईच्या गुडघ्यांना ते आता झेपत नाही म्हणून यंदा थेट विमान घेतलं, आणि खरं सांगू, लय भारी अनुभव आला.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ६५० किमी भरतं, रस्त्यानं हेच साडेआठशेच्या आसपास जातं. आता तासाला ८०० किमी जाणाऱ्या छोट्या जेटला हे पाऊण तासाचं काम वाटतं, पण वर चढायला, खाली उतरायला आणि धावपट्टीपर्यंत जायला वेळ लागतोच, त्यामुळं सव्वा तास धरा. पंख्याचं एटीआर असेल तर ते ५०० च्या आसपासच पळतं, मग दीड तासाच्या वरच. तिकीट काढताना विमान कुठलं आहे ते बघून घ्या, आणि थेट आहे का हेपण, नाहीतर हैदराबाद किंवा बेंगळुरूत बदलायचं म्हणजे अख्खा दिवस गेला.

खरा वेळ वाचतो तो उजळाईवाडीत, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावर. राजारामपुरीतून वीस पंचवीस मिनिटांत पोचलो, २०२४ ला सुरू झालेलं नवीन टर्मिनल दगडी कमानींचं, बघायला देखणं आणि आत चालणं अगदी कमी, आईला व्हीलचेअर मागितली ती लगेच मिळाली, सिक्युरिटीला रांग अशी नव्हतीच. मोठ्या शहरातल्या विमानतळावर नुसतं गेटपर्यंत चालूनच म्हातारी माणसं दमतात. मात्र काउंटर तासभर आधी बंद होतो, छोटं विमानतळ म्हणून उशिरा जाऊ नका.

तिरुपतीचं विमानतळ रेणिगुंट्याला आहे, गावापासून पंधराएक किमी, बॅगा पटकन आल्या. तिथनं थेट तिरुमलाला जायचं तर डोंगराच्या पायथ्याशी अलिपिरीला गाडी थांबवून सामान तपासतात आणि मग घाट, त्याला दीड तास सहज जातो. टॅक्सी आधी ठरवून ठेवा, बाहेर आल्यावर आम्हाला जो भाव सांगितला तो फारच होता.

म्हणजे घराच्या दारापासून डोंगरावर पोचेपर्यंत पाच तास. तिकीट रेल्वेपेक्षा कितीतरी महाग आहे, चार माणसांचं गणित जड जातं हे मान्य, पण ज्यांना बर्थवर चढता येत नाही त्यांच्यासाठी हे पैसे घालवावेत असं मला मनापासून वाटतं. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो, तेव्हापासून आईचं चाललं होतं की एकदा तिकडं जायचंच, आणि ती दर्शन घेऊन आल्यावर पाय दुखतात म्हणाली नाही.

पावसाळ्यात जाणार असाल तर निघायच्या आधी फ्लाइटचा मेसेज बघा, ढग खाली आले की छोट्या विमानतळांवर उशीर होतो. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो रोज थेट विमान नाही म्हणून.