अ‍ॅक्यु-चेक इन्स्टंट: हिरव्या पट्ट्यावर विसंबण्याआधी बायकांनी वाचावं असं

बऱ्याच घरांत शुगरचं मशीन असतं, पण ते आणलेलं असतं नवऱ्यासाठी किंवा सासूबाईंसाठी. घरातल्या बाईला मधुमेह निघाला की तेच मशीन, तेच टोचायचं पेन आणि उरलेल्या पट्ट्या तिच्या वाट्याला येतात. हा रिव्ह्यू मुद्दाम त्या बाईच्या बाजूने लिहिला आहे. तिचं हिमोग्लोबिन, तिची पाळी, तिचे उपवास आणि दिवसभर पिठात-पाण्यात असलेले तिचे हात, या सगळ्याचा परिणाम आकड्यावर होतो. दुकानदार ते सांगत नाही.

मशीन आहे रोश कंपनीचं अ‍ॅक्यु-चेक इन्स्टंट. कोडची चिप बसवावी लागत नाही. पट्टी सरकवली की ते आपोआप सुरू होतं, थेंबाची खूण लुकलुकली की पट्टीच्या कडेला रक्त लावायचं, चार सेकंदांच्या आत आकडा येतो. रक्त लागतं ०.६ मायक्रोलिटर, म्हणजे बारीक मोहरीच्या दाण्याएवढा थेंब. अ‍ॅक्यु-चेक अ‍ॅक्टिव्हला एक ते दोन मायक्रोलिटर लागतं. फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण ज्या बाईच्या बोटातून रक्त लवकर येत नाही तिला तो लगेच जाणवतो. आकडे मोठे आहेत, चष्मा शोधावा लागत नाही. वापरलेली पट्टी बटण दाबून बाहेर टाकता येते, रक्ताला हात लागत नाही.

आमच्या मते या मशीनचं सर्वांत मोठं बलस्थान खोक्यावर ठळक छापलेलं नसतं. रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, १० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर हे मशीन चालतं. काही मशीनची हद्द ३० टक्क्यांपासून सुरू होते. हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की हिमॅटोक्रिटचा ढोबळ अंदाज येतो. हिमोग्लोबिन ८ असेल तर साधारण २४ टक्के, म्हणजे अशा मशीनच्या हद्दीबाहेर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. त्यांतल्या ज्यांचं हिमोग्लोबिन १० च्या खाली आहे, त्या सगळ्यांचा हा प्रश्न आहे. रक्त कमी असताना हद्दीबाहेरचं मशीन शुगर खरी असते त्याहून जास्त दाखवतं. इन्सुलिन घेणाऱ्या बाईची शुगर प्रत्यक्षात ६० वर आलेली असताना मशीनवर ७५-८० दिसलं तर ती निश्चिंत राहील, आणि खरा धोका तिथेच आहे. कुठलंही मशीन घ्या, पट्ट्यांच्या डबीतला घडी घातलेला कागद उघडून हिमॅटोक्रिटची हद्द आधी वाचा.

तीन महिन्यांच्या शुगरचीही, म्हणजे एचबीए१सीची, हीच अडचण आहे. लोह कमी असेल तर तो आकडा खोटा वाढू शकतो. नुकताच बराच रक्तस्राव झाला असेल किंवा लोहाचे उपचार सुरू होऊन नवं रक्त तयार होत असेल तर तो खोटा कमीही येतो. पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर एकट्या एचबीए१सीवर गोळ्या वाढवणं-घटवणं बरोबर नाही. घरच्या नोंदी डॉक्टरांपुढे ठेवाव्यात.

आता उणी बाजू, आणि ती हलकी नाही. पडद्याच्या कडेला रंगीत पट्टा आहे. बाण हिरव्यात असला तर शुगर ठरलेल्या मर्यादेत, लाल म्हणजे कमी, निळा म्हणजे जास्त. आकडे न वाचता येणाऱ्या आजीलाही हे कळतं, म्हणून कल्पना चांगलीच आहे. पण मशीन खोक्यातून निघतं तेव्हा हिरव्याची हद्द ७० ते १६० असते आणि ती उपाशीपोटी आणि जेवणानंतर एकच. त्यामुळे सकाळी उपाशीपोटी १५५ आली तरी बाण हिरव्यातच राहतो. मधुमेह असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधीचं उद्दिष्ट ८० ते १३० असतं, तेव्हा हा हिरवा दिलासा फसवा आहे. गरोदरपणात तर तो धोक्याचाच: तिथे उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत शुगर हवी. दोन तासांनी १५० आली तर बाण हिरवा, आणि पोटातल्या बाळाला मात्र जास्तीची साखर. गरोदर बाईने हा पट्टा पाहूच नये. आपल्या डॉक्टरांनी दिलेले दोन आकडे कागदावर लिहून मशीनच्या पाऊचमध्ये ठेवावेत.

रक्त काढायचं पेन सॉफ्टक्लिक्स, खोलीच्या अकरा पायऱ्यांचं. सुरुवात २ वर करा. भांडी, धुणं, शेतातलं काम यामुळे कातडी जाड झाली असेल तर अर्ध्या-अर्ध्या पायरीने वाढवा, एकदम ५ वर जाऊ नका. बोटाच्या टोकाला टोचू नका, कडेला टोचा. टोकाला मज्जातंतू जास्त असतात आणि नंतर पीठ मळताना तिथेच दुखतं. थेंब येत नसेल तर हात खाली सोडून अर्धा मिनिट झटका आणि तळव्याकडून बोटाकडे हळू चोळा. बोट पिळलं की रक्तात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा बिघडतो. रक्त कमी पडून चूक दाखवली तर त्याच पट्टीवर दुसरा थेंब चढवू नका, नवी पट्टी घ्या.

सर्वांत जास्त चुका हातांमुळे होतात. आंबा चिरला, गूळ फोडला, लाडू वळले आणि त्याच बोटाला टोचलं तर बोटावरची साखर रक्तात मिसळून आकडा शंभरानेही चढू शकतो. स्पिरिटचा बोळा इथे पुरत नाही. साबण लावून नळाखाली धुवायचं आणि पूर्ण कोरडं करायचं, कारण ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो. अनपेक्षित मोठा आकडा दिसला तर घाबरण्याआधी हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा पाहा.

अचूकतेबद्दल अपेक्षा वाजवी ठेवा. आयएसओ १५१९७ या शुगरच्या मशीनसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या निकषाप्रमाणे १०० च्या खालच्या वाचनात १५ अंकांपर्यंत आणि १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंत फरक मान्य आहे, आणि १०० पैकी ९५ वाचनं या मर्यादेत बसली पाहिजेत. म्हणजे लॅबमध्ये २०० असेल तर मशीनवर १७० ते २३० चालतं. "काल १८६, आज १९८, भाताने वाढली" असा हिशोब मांडण्यात अर्थ नाही. लॅबशी ताडून पाहायचंच असेल तर उपाशीपोटी पाहा. जेवणानंतर बोटातल्या रक्तातली शुगर शिरेतल्यापेक्षा मुळातच जास्त असते.

खर्च मशीनचा कमी, पट्ट्यांचा जास्त. रोज एकदा कुठल्याही वेळी टोचून काही कळत नाही. त्यापेक्षा जोडीने तपासा: जेवणाआधी एक आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एक. आठवड्यात अशा दोन जोड्या केल्या तर ५० पट्ट्या बारा आठवडे पुरतात. एका आठवड्यात ज्वारीची भाकरी, दुसऱ्यात साबुदाण्याची खिचडी, तिसऱ्यात वरणभात असं पाहिलं की आपल्या शरीराला काय झेपतं हे कागदावर दिसतं. वहीत आकड्याशेजारी पाळीची तारीखही लिहा. काहींची शुगर पाळीच्या आधीच्या आठवड्यात चढते आणि रक्तस्राव सुरू झाल्यावर उतरते. ही नोंद नसेल तर दोष विनाकारण जेवणाला जातो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना, गरोदर बायकांना यापेक्षा जास्त वेळा तपासावं लागतं. ते डॉक्टर ठरवतील.

पाळी जायच्या वयात हे मशीन उशाशी असावं. रात्री घाम फुटतो, धडधडतं, तेव्हा ती रजोनिवृत्तीची गरम लाट की शुगर उतरली, हे अंगावरून कळत नाही. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. ११० असेल तर साखरेची गरज नाही. हरतालिकेचा निर्जळी उपवास इन्सुलिनवर किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्या बाईने करूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. इतर उपवासांना दुपारी आणि संध्याकाळी आकडा पाहा. ७० च्या खाली गेला की उपवास तिथेच सोडायचा, चंद्राची वाट पाहायची नाही.

पट्ट्या ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ओट्याजवळचं कपाट त्यासाठी चुकीची जागा. आतल्या खोलीत, माठाच्या ओलीपासून दूर ठेवा. पट्टी काढली की झाकण त्याच क्षणी लावा. दमट हवेने पट्ट्या खराब होतात.

आणि बायकांच्या एकत्र तपासणीबद्दल. हळदीकुंकू, बचत गटाची बैठक, भिशी अशा ठिकाणी शुगर तपासण्याची पद्धत वाढते आहे आणि ती वाढावीच. एकीचा आकडा मोठा निघाला की बाकीच्या तिला एकटं पडू देत नाहीत, हे कुठल्याही मशीनला जमत नाही. पण सॉफ्टक्लिक्स पेन एकाच व्यक्तीसाठी आहे. सुई बदलली तरी पेनच्या टोपीला रक्त लागलेलं असू शकतं आणि हिपॅटायटीस बी त्यातून पसरतो. गटासाठी टोचल्यावर आपोआप बंद होणारी, एकदाच वापरायची सेफ्टी लॅन्सेट घ्या. मशीनही घरगुती वापराचं फिरवू नका, तपासणीसाठी परिचारिकेला तिच्या मशीनसह बोलवा. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, कचरा उचलणाऱ्या बाईच्या हातात त्या जाता कामा नयेत. तिथे जेवणानंतर १४० च्या वर आलेल्या बाईला "तुला शुगर आहे" असं सांगू नका. तिला लॅबमध्ये उपाशीपोटीची तपासणी करायला सांगा आणि शक्य असेल तर कुणीतरी सोबत जा. तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, आशाताईंना विचारलं की दिवस कळतो. भिशीच्या पैशातून पट्ट्या एकदम घेतल्या तर स्वस्त पडतात का, हे औषधवाल्याला जरूर विचारा. मात्र प्रत्येकीची डबी वेगळी आणि मुदत संपायची तारीख पाहूनच.