बाराबंदी ते निलवंताचे पंख : कॉस्च्युम करणाऱ्यांसाठी पुण्याच्या पेठांचा रिव्ह्यू

शिवकालीन-पेशवेकालीन कपडे शिवणं आणि दुसरीकडे फुलं-पाखरं-फुलपाखरं यांच्यावरून कॉस्च्युम करणं, ही दोन्ही कामं मी मनापासून करते आणि घालून हौसेने मिरवते पण. गुढीपाडव्याची शोभायात्रा असो की शिवजयंती, कुणी ना कुणी विचारतंच, सामान कुठून आणतेस गं, ऑनलाइन का? नाही. जवळजवळ सगळं पुण्याच्या पेठांमधून येतं. त्यामुळे हा रिव्ह्यू एका दुकानाचा नाहीये, अख्ख्या पट्ट्याचा आहे, म्हणजे लक्ष्मी रोड, रविवार पेठेतलं कापडगंज, बोहरी आळी, तुळशीबाग, मंडईच्या आजूबाजूची दुकानं आणि बुरूड आळी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते खाली सांगते.

आधी भाड्याच्या ड्रेसबद्दल बोलते कारण बहुतेक लोक सुरुवात तिथूनच करतात. ओळखीच्या एका मुलासाठी आम्ही एके ठिकाणाहून मावळ्याचा सेट भाड्याने आणला होता, चकचकीत सॅटिन, कडेला सोनेरी लेस, पाठीत वेल्क्रो, आणि पोराने घोषणा देताना हात वर केला तर काखेत टर्रकन फाटलं. दोष शिवणीचा नव्हता, कटिंगचाच होता. शर्टाच्या पॅटर्नवर बाराबंदी, म्हणजे मावळ्यांचा बंद बांधून घालायचा अंगरखा, बेतली की असंच होणार. जुन्या कपड्यात काखेखाली वेगळा तुकडा घालतात, चौबगला म्हणतात त्याला, आणि तो असला की तलवार उचला, घोड्यावर बसा, लेझीम खेळा, कापड अंगाबरोबर फिरतं. भाड्याच्या कपड्यात हा तुकडा मला अजून दिसलेला नाही. त्यात पाडव्याला ऊन कसलं असतं माहितीये ना, सॅटिनमध्ये माणूस नुसता उकडतो.

म्हणून पहिला मुक्काम कापडगंज. इथे मागायचं ते मांजरपाट, जाडसर, न धुवटलेलं सुती कापड, पांढरंशुभ्र नाही तर किंचित पिवळट. हा रंगच जुना दिसतो, वेगळं 'एजिंग' वगैरे करायची गरजच पडत नाही. प्युअर कॉटन सांगून मिक्स माल गळ्यात मारतील अशी भीती असेल तर सरळ धागा जाळून दाखवा म्हणायचं. मी म्हटलं तर दुकानातल्या काकांनी काही न बोलता कडेचा धागा ओढला, काडी लावली, धागा कागदासारखा जळला आणि बोटात चुरगळला तर करडी राख झाली. मग स्वतःहूनच शेजारच्या ताग्याचा धागा जाळून दाखवला, तो वितळून काळा टणक मणी झाला. म्हणे, "ताई, हा पॉलिस्टर, हा घेऊ नका, तुमच्या कामाचा नाही." स्वस्तातला नाही तर महागातला तागा होता तो! अशा दुकानदाराकडे मी परत परत जाणार.

मोठ्या माणसाच्या बाराबंदीला पन्हा (कापडाची रुंदी) बघून अडीच-तीन मीटर धरा आणि कापायच्या आधी धुवून घ्या, मांजरपाट आटतं म्हणजे आटतंच. बंद त्याच कापडाचे करायचे, बाजारातली नाडी नको. नावातच बारा बंद आहेत म्हणजे सहा जोड्या, ते बांधायला वेळ लागतो आणि लागू दे, बांधता बांधता उभं राहायची ढबच बदलते, हे घालून बघितल्याशिवाय कळणार नाही.

रंगाचं सामान मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं आणि हा या पट्ट्यातला माझा सगळ्यात लाडका भाग आहे. १८५६ साली विल्यम पर्किनने कोळशाच्या डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला, त्याच्या आधी कपड्याला जो काही रंग यायचा तो झाडपाला, मुळं, किडे आणि खनिजं यांच्यातूनच. त्यामुळे शिवकालीन म्हणून झगझगीत जांभळं, फ्लोरोसंट भगवं कापड आणलं की कितीही सुंदर शिवा, लांबूनच खोटं वाटतं. मी मंजिष्ठा (लाल रंग देणारं मूळ), हिरडा आणि तुरटी आणते. कापड सोड्यात उकळून आधी त्याची खळ काढायची, मग हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं, वाळवायचं, मग तुरटीचं पाणी, आणि शेवटी मंजिष्ठात मंद आचेवर. खळखळा उकळू द्यायचं नाही नाहीतर लाल जाऊन तपकिरी छटा येते. नीट जमलं तर असा विटकरी लाल येतो की सॅटिनवाल्या रांगेत तुम्ही वेगळे उठून दिसता. हळदीचा पिवळा मात्र उन्हात टिकत नाही, एका मिरवणुकीपुरता ठीक. दुकानातल्या आजोबांनी मला हिरडा अख्खा नको, भरड घे म्हणून सांगितलं, आणि तुरटीचं प्रमाण बोटांनी खुणेने दाखवलं, पुडी बांधून देताना वर "डाळिंबाच्या साली घरच्याच वाळव, विकत कशाला" हा सल्ला फुकट!

पेशवेकालीन करायचं असेल तर गणित बदलतं. तिथे पातळ मलमल पाहिजे, अंगरखा किंवा जामा, कमरेखाली घेर, घेराला कळ्या म्हणजे त्रिकोणी तुकडे. संदर्भ हवा असेल तर स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्सने १७९२ मध्ये रंगवलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र नेटवर मोठं करून बघा (मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे). पांढरं कापड, मोती, आणि अंगावर सोन्याच्या लेसचा मारा बिलकुल नाही. श्रीमंती दिसते ती कापडाच्या तलमपणात. लक्ष्मी रोडला चांगली मलमल मिळते पण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळंच पांढरं छान दिसतं, दारात उजेडात आणून हातावर धरून बघा, खालचा हात किती दिसतो त्यावर ठरवा. अजून एक बारीक गोष्ट, जाम्याचे बंद कुठल्या बाजूला. मुघल काळात साधारण रीत अशी होती की हिंदू डाव्या काखेकडे बांधायचे आणि मुसलमान उजवीकडे, चित्रं बघताना हे लक्षात ठेवलं तर शिवताना काम येतं. आपल्याकडचे टेलर पुरुषी कपडा म्हटलं की सवयीने बटणपट्टीच्या हिशोबाने उघड ठेवतात, त्यांना आधीच चित्र दाखवून ठेवा.

पगडीबद्दल तर मी कुणाशीही तासभर भांडेन. लक्ष्मी रोड-तुळशीबाग पट्ट्यात पुणेरी पगडी सुंदर मिळते, घट्ट, रेखीव, २००९ मध्ये तिला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळालाय. पण ती एकोणिसाव्या शतकातली, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्यांची पगडी आहे. तिला मावळ्याच्या बाराबंदीवर ठेवू नका हो. मावळ्याला साधं मुंडासं नाहीतर पागोटं, त्याला पाहिजे फक्त लांब सुती पट्टा आणि बांधायला शिकवणारं माणूस. दुकानदाराला काळ सांगितला तर काही जण बरोबर माल काढतात, पण सगळे नाही, "हीच चालते सगळीकडे" असं पण ऐकायला मिळतं, तेव्हा अभ्यास घरूनच करून जा.

दागिन्यांना तुळशीबाग. इथे फार लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये. तन्मणी, चिंचपेटी, कुड्या, नथ, सगळं मोत्यात मिळतं आणि पुरुषांसाठी भिकबाळी (कानातली मोत्यांची बाळी) न टोचता घालायची प्रेसवाली पण मिळते. मोती अगदी एकसारखे गोल आणि पांढरेफेक नको, जरा पिवळसर आणि लहानमोठे मागा. ठुशी-कोल्हापुरी साज घेताना मागची बाजू पण बघा, डाग दिलेले असतात तिथे धार असली तर मान खरवडते, चार तास घालून फिरायचं असतं.

आता निसर्गाकडे. मला ब्लू मॉरमॉन फुलपाखराचा कॉस्च्युम करायचा होता, मराठीत निलवंत, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू. खरं फुलपाखरू पंख पसरून बारा ते पंधरा सेंटीमीटर, मखमली काळं, मागच्या पंखांवर फिकट निळा मोठा पट्टा आणि त्यावर काळे ठिपके, पुढच्या पंखांवर निळसर रेघा. खालून बघितलं तर पंखांच्या मुळाशी लाल ठिपके. शेपटी नसते! बाजारातले रेडीमेड फुलपाखरू-पंख बघितले तर सगळ्यांना शेपट्या आणि चमकी, त्यामुळे ते बादच.

कापड आणि पट्ट्या बोहरी आळीतून. घाऊक बाजार आहे, डेकोरेशनचं, पॅकिंगचं, नेट, फोम, तारा, गोंद, जे नाव घ्याल ते आहे, फक्त एकेका गल्लीत अर्धा तास जातो. पंखांना काळी नेट, त्यावर निळ्या ऑर्गेंझाचे (पातळ, पारदर्शक, जरा ताठ कापड) तुकडे, अंगाला काळी मखमल. पंखांनाच मखमल लावायचा विचार असेल तर नको, दुपारपर्यंत खांदे भरून येतात. निळा शोधायला मात्र जीव गेला, दुकानात मिळतो तो गडद नाहीतर आकाशी, आणि निलवंताचा निळा या दोन्हींच्या मधला, थोडा भुकटीसारखा. शेवटी आकाशी ऑर्गेंझाखाली करड्या नेटचा थर दिला आणि तो रंग आला! तो आला तेव्हाचा आनंद मला कुठल्याही तयार कपड्यात मिळणार नाही.

आणि सांगाडा बुरूड आळीतला. या आळीसाठीच मी साडेचार दिलेत. सगळे म्हणत होते ॲल्युमिनियमची तार घे. मी तिथे टोपल्या विणत बसलेल्या मावशींना चित्र दाखवलं, त्यांनी विचारलं, "काय करायचंय गं ह्याचं?" पंख करायचेत म्हटलं. हसल्या नाहीत की काही नाही, चित्र दोनदा फिरवून बघितलं, म्हणाल्या "वाकतंय कुठं ते सांग." मग ओला बांबू उभा चिरला, कामट्या काढल्या, एक कामटी हातावर तोलली, आतला गर कोयत्याने तासत तासत टोकाकडे पातळ करत नेली, मुळाशी जाड ठेवली. जिथे वळण जास्त तिथे विस्तवावर धरून हळूच वाकवली आणि गार होईस्तोवर पायाच्या अंगठ्याखाली दाबून ठेवली. "तार एकदा वाकली की वाकली पोरी, हा परत येतो." खरंच आहे. शोभायात्रेच्या गर्दीत कुणाचा तरी झेंडा पंखात अडकला, पंख दुमडला आणि आपोआप सरळ झाला. मजुरी मागितली ती इतकी कमी होती की मी वर देऊन आले, तुम्ही गेलात तर घासाघीस करू नका प्लीज, हे काम यंत्र करत नाही आणि हे हात आता कमी राहिलेत.

पंख पाठीला जोडायला मी वेल्क्रोच वापरला, आणि इथे तो मला खटकत नाही. १९४१ मध्ये स्विस इंजिनिअर जॉर्ज डी मेस्ट्रलने कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी फळं बघून तो शोधला, म्हणजे निसर्गावरून केलेल्या कॉस्च्युममध्ये तो हक्काने बसतो. बाराबंदीत दिसला की मात्र मला राग येतो.

आता कापलेला अर्धा स्टार. पहिलं म्हणजे 'पैठणी बॉर्डर' म्हणून जे सर्रास विकतात त्यातलं बरंचसं यंत्रमागाचं असतं आणि ते आपणहून कुणी सांगत नाही. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागून-पुढून सारखी दिसते, मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती नाही, सोपी खूण आहे, उलटी करून बघा. कॉस्च्युमला यंत्रमागाची घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त पैसे त्या मानाने द्या. दुसरं, घाऊकवाले एक मीटर-दोन मीटर द्यायला कुरकुरतात, त्यामुळे दोघी-तिघींनी मिळून जाणं परवडतं. आणि कापलेलं कापड परत घेत नाहीत, छटेबद्दल शंका असेल तर आधी वीतभर तुकडा मागून घरी नेऊन बघा, चांगले दुकानदार देतात. हिमरू (रेशीम-सुताचं नक्षीदार विणलेलं कापड) मात्र इथे शोधत बसू नका, त्याला थेट संभाजीनगर गाठा.

गाडी आणायचीच नाही, पार्किंगला जागा नाही म्हणजे नाही. आता मेट्रोचं मंडई स्टेशन झालंय, तिथे उतरलं की सगळं चालत. सोमवारी बरीच दुकानं बंद असतात. गणपतीच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नसते, पण दिवाळीच्या आधी एक चक्कर जरूर मारा, आकाशकंदिलांच्या सीझनमध्ये घोटीव कागद, जिलेटीन आणि तासलेल्या कामट्या बाहेरच रचलेल्या असतात आणि पंख-पाकळ्यांसाठी यापेक्षा चांगला माल वर्षभरात दिसत नाही. माझा पुढचा बेत ताम्हणाच्या फुलाचा आहे, त्या चुरगळलेल्या जांभळ्या पाकळ्यांसाठी क्रश केलेला ऑर्गेंझा लागेल, तेव्हा दसरा झाला की मी परत बोहरी आळीतच.