मुरवायचं की उगवायचं? सॉलिड ऑक्साइड सेलसाठी नॅनोकॅटॅलिस्ट निवडताना

शिवाजी विद्यापीठात फिजिक्स, केमिस्ट्री किंवा नॅनोसायन्स शिकून फ्युएल सेलकडे वळणारी मुलं मला हेच विचारतात: इन्फिल्ट्रेशन घेऊ की एक्सोल्यूशन? सॉलिड ऑक्साइड सेल दोन्हीकडे तोच. साधारण 700 ते 850 अंश सेल्सिअसला चालतो, वायूपासून वीज देतो आणि उलटा चालवला की वाफेपासून हायड्रोजन. इलेक्ट्रोडवर आयन, इलेक्ट्रॉन आणि वायू एकत्र भेटतात तिथंच अभिक्रिया होते. ती ठिकाणं वाढवायची म्हणून नॅनोकण.

इन्फिल्ट्रेशन म्हणजे मुरवणं. भाजून तयार असलेल्या सच्छिद्र इलेक्ट्रोडमध्ये धातूंच्या नायट्रेटचं द्रावण सोडायचं, वाळवायचं, पुन्हा भाजायचं. साध्या मफल फर्नेसवर काम होतं. एका फेरीत थोडाच माल आत जातो, त्यामुळं हे अनेकदा करावं लागतं. मी घाई केली तेव्हा द्रावण वरच साचलं आणि पापुद्रा सुटून आला; महिना गेला. तरी हवेच्या बाजूच्या इलेक्ट्रोडसाठी मला हीच पद्धत पटते. कोबाल्ट असलेली पेरोव्स्काइट (एका ठरावीक स्फटिकरचनेची ऑक्साइडं) 1000 अंशांपुढं इलेक्ट्रोलाइटमधल्या, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या मधल्या थरातल्या, झिर्कोनियाशी अभिक्रिया करून वीज अडवणारा थर तयार करतात. मुरवलेला माल कमी तापमानाला भाजता येत असल्यानं ते टळतं. दुखणं एकच, पण मोठं: सेल चालू राहिला की कण एकमेकांत मिसळून जाड होतात आणि सुरुवातीचा फायदा ओसरत जातो.

एक्सोल्यूशनमध्ये कण आतून उगवतात. निकेल आधीच पेरोव्स्काइटच्या स्फटिकजाळीत बसवलेलं असतं. हायड्रोजनमध्ये तापवलं की ते पृष्ठभागावर येतं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या गटानं 2013 मध्ये दाखवलं, की जाळीत ए-जागा (मोठ्या धातू-आयनांच्या जागा) थोड्या रिकाम्या ठेवल्या तर हे सोपं होतं. 2015 मध्ये त्यांनी कण पृष्ठभागात रुतलेले असल्याचं दाखवलं. रुतलेले असल्यानं ते सहज सरकत नाहीत, काजळीही कमी धरते. 2016 मध्ये तर 2 व्होल्ट देऊन 150 सेकंदांत कण उगवले. मात्र बरंचसं निकेल आतच अडकून राहतं, आणि यासाठी बहुधा वापरतात त्या टायटेनेटची (टायटेनियम असलेल्या पेरोव्स्काइटची) वीजवहनक्षमता नेहमीच्या निकेल-झिर्कोनिया इलेक्ट्रोडपेक्षा बरीच कमी असते. शिवाय बहुतेक काम इंधनाच्या बाजूचंच.

आपल्या भागातल्या साखर कारखान्यांच्या प्रेसमडचा (रस गाळून उरलेल्या मळीचा) बायोगॅस वापरायचा विचार असेल, तर मिथेनची काजळी टाळायला मी एक्सोल्यूशनच घेईन. फक्त त्यातला हायड्रोजन सल्फाइड आधी काढलाच पाहिजे. निकेलला तो थोडाही सोसत नाही, कण रुतलेले असले तरी.

एमएस्सीचं एक वर्ष असेल तर इन्फिल्ट्रेशन, हवेच्या बाजूवर. पीएचडी असेल तर एक्सोल्यूशन, कारण नवं पेरोव्स्काइट जमवण्यातच पहिले कित्येक महिने जातात. गाईडना विषय सांगण्याआधी हायड्रोजन लाइन असलेली ट्यूब फर्नेस लॅबमध्ये आहे का, आणि ती तुम्हाला सलग किती दिवस मिळेल, एवढं विचारून घ्या.