जॅक वर चढला, गाडी जागीच राहिली: गोव्याहून आणलेल्या जुन्या सेडानबरोबरची दोन वर्षे

जुलै २०२४ मधल्या एका रविवारी, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या थोडे अलीकडे, भर पावसात गाडीचे मागचे डावे चाक पंक्चर झाले. मी स्टेपनी काढली, नट सैल केले, रनिंग बोर्डाखालच्या (दारांखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्ट्याखालच्या) ठरलेल्या जागी जॅक लावला आणि दांडा फिरवू लागलो. जॅक व्यवस्थित वर चढत होता. गाडी मात्र जागची हलली नाही. जॅक चिखलात रुतत असावा असे समजून मी त्याच्याखाली फळी सरकवली आणि आणखी चार फेरे दिले, तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज झाला, काळा लेप फाटला आणि चहाच्या भुकटीसारखा गंज माझ्या हातावर सांडला. छत्री धरून उभ्या असलेल्या सौभाग्यवतींनी एकच प्रश्न विचारला, "ही गाडी लोखंडाचीच आहे ना?" बत्तीस वर्षे बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काढलेल्या माणसाला हा प्रश्न फार लागला.

गाडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण या प्रकरणात ती बनवणाऱ्यांचा दोष नाही. २०११ ची पेट्रोल सेडान आहे. त्या काळातल्या त्या वर्गातल्या गाड्या सर्वांना ठाऊकच आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये मी ती गोव्यातल्या बार्देशातून १ लाख ६५ हजारांना आणली. मालकाने १ लाख ७५ हजार सांगितले होते आणि दहा हजार कमी केल्याचा आनंद मला परतीचा चोर्ल्याचा घाट चढेपर्यंत पुरला. इंजिन ऐकले, गिअर तपासले, सायलेन्सरचा धूर पाहिला, बॉनेटवर आणि दारांवर बोटाने टिचक्या मारल्या. खाली वाकून पाहिले तेव्हा सगळा तळ काळ्याभोर, चकचकीत लेपाने मढवलेला दिसला. मालकाने अंडरबॉडी कोटिंगचे बिलही दाखवले. आपले चार हजार वाचले असे मी मनात मांडले आणि व्यवहार पक्का केला. या परीक्षणाचा खरा विषय हा चकचकीत लेपच आहे, हे मला पुढे सव्वा वर्षाने कळले.

खुणा आधीपासून दिसत होत्या, हे आता कबूल करतो. जून उजाडताच गाडीत ओल्या गोणपाटाचा वास येऊ लागला आणि सकाळी काचा आतून धुरकट होऊ लागल्या. एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल असे समजून ती साफ करून घेतली, त्याचे सहाशे रुपये गेले, वास राहिला. पायपुसण्यांखाली वर्तमानपत्रे अंथरली, कापूर ठेवला. गालिचा उचलून खालच्या नमद्याला (जाड अस्तराला) हात लावावा, एवढे एक काम फुकट होते आणि तेवढेच मी केले नाही.

जॅकच्या प्रसंगानंतर माझे निदान तयार होते: समुद्रकाठची गाडी, खारी हवा, म्हणून गंज. भेटेल त्याला मी सांगत सुटलो की गोव्याची गाडी घेऊ नये. मग मुख्य रस्त्यावरच्या एका मोठ्या डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानात गाडी दिली. त्यांनी दोन दिवसांत फाटलेल्या जागी पत्र्याचा तुकडा रिव्हेट मारून बसवला, त्यावर पुट्टी भरली, रंग मारला आणि ४,५०० रुपये घेतले. काम इतके गुळगुळीत होते की मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. डिसेंबरमध्ये त्याच जागी रंगाला फोड आले आणि नखाने एक फोड उकलला तेव्हा खालची पुट्टी ओल्या खडूसारखी सुटून आली. गाडी घेऊन पुन्हा दुकानात गेलो, तर मालक शांतपणे म्हणाले, "काका, ग्यारंटी रंगाची हाय, पत्र्याची नाही." अर्धा तास वाद घातल्यावर त्यांनी पुन्हा फुकट पुट्टी भरून देण्याची तयारी दाखवली. ती मी नाकारली, आणि या सगळ्या व्यवहारात माझ्या हातून झालेले हे पहिले शहाणपणाचे काम असावे. पुट्टी सच्छिद्र असते आणि ओल धरून ठेवते. शिवाय गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो वरच्या थराला आतून ढकलतच राहतो. गंजावर पुट्टी म्हणजे गळूवर गंध लावण्यासारखे आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शहापूर भागातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. त्यांचे दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, दोन सिलिंडर आणि चिंचेची सावली. त्यांनी चुंबक फडक्यात गुंडाळून रनिंग बोर्डावरून फिरवला. जिथे पुट्टी होती तिथे तो धरेना. मग पेचकस उलटा धरून मुठीने ठोकत गेले आणि आवाज बदलला तिथे खडूने रेघ ओढली. "तुक्कु हिडदैत्रि," म्हणजे गंज धरलाय, एवढेच कन्नडमध्ये म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून मराठीत जोडले, "वरनं नव्हं, आतनं."

इथे माझे मत पहिल्यांदा बदलले. लेप दोन ठिकाणी खरवडून पाहिला, तर तळाचा पत्रा जवळजवळ नव्यासारखा निघाला. खाऱ्या हवेने खाल्ले असते तर आधी उघडा तळ खाल्ला असता. सडला होता तो रनिंग बोर्डाचा पोकळ डबा, आणि तोही आतल्या बाजूने. पुढच्या काचेखालच्या जाळीत पडणारे पावसाचे पाणी फेंडरच्या (पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या) मागून खाली उतरते आणि त्यातले थोडे या पोकळीत शिरतेच; दाराच्या रबरी बीडिंगमधूनही झिरपते. ते बाहेर पडावे म्हणून डब्याच्या तळाला छोटी भोके ठेवलेली असतात. माझ्या गाडीला प्रत्येक बाजूला चार, अशी आठ भोके होती. त्यांपैकी सात त्या चकचकीत काळ्या लेपाने बंद झाली होती. गंजापासून वाचवण्यासाठी मारलेल्या लेपाने पाण्याची वाट बुजवली होती, आणि आत साठलेले पाणी वाळूही शकत नव्हते. आठवे भोक उजवीकडे मागे होते, आणि त्याच्या आसपासचा हातभर पत्रा शाबूत होता. यापेक्षा मोठा पुरावा मला नको.

फाउंड्रीत मी जे लोखंड पाहिले ते जाड बिडाचे. त्यावर गंज चढला तरी ब्रश मारला की काम भागते. गाडीचा बाहेरचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तिथे गंज दोन्हीकडून लागला तर उरते काय? माझा लोखंडाचा अभिमान इथे काही कामाचा नव्हता.

तेव्हापासून मी या भोकांचा माणूस झालो आहे. आमच्या गल्लीतल्या अकरा गाड्यांची भोके मी वाकून तपासली आणि तीन गाड्यांची बुजलेली सापडली. एका शेजाऱ्याने मला गाडीखाली पाहून चोर समजले होते, तेही आता प्लॅस्टिकची केबल पट्टी घेऊन दर महिन्याला भोके मोकळी करतात. सुई किंवा तार वापरू नये, कारण भोकाच्या कडेचा रंग खरवडला की तिथूनच नवा गंज सुरू होतो. दारांच्या तळालाही अशी भोके असतात. काच खाली घेऊन बाहेरच्या पट्टीलगत अर्धा तांब्या पाणी ओतावे आणि ते खालून लगेच टपकते का पाहावे. या परीक्षेला खर्च शून्य आहे. मला ही गोष्ट माहीत नसण्याचा खर्च पुढे येतोच आहे.

मिस्त्रींनी बॅटरीची वायर काढली, सीट आणि गालिचा बाहेर काढला, कारण वेल्डिंगच्या ठिणगीने तो पेटतो. नमदा पिळला तेव्हा फेब्रुवारीतही पाणी निघाले. कापताना चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत ते मागे सरकत गेले आणि वीतभर वाटलेले काम सव्वादोन हातांचे झाले. तयार रनिंग बोर्ड मिळाला नाही, म्हणून नवा पत्रा हाताने वाकवून घडवला आणि सीओटू वेल्डिंगने जोडला. नवी भोके त्यांनी माझ्यासमोर पाडली, मी मोजली. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाच्या मागचा रंग जळतो आणि ती जागा सर्वांत आधी गंजते, म्हणून आत नळीने मेणाचा फवारा मारून घेतला. सगळे मिळून १९,५०० रुपये झाले. पहिल्या दुकानाचे ४,५०० आणि एसीचे ६०० धरले, तर वाचवलेले दहा हजार आणि कोटिंगचे चार हजार वजा जाऊनही मी १०,६०० रुपयांनी बुडालो. बेळगावच्या केए-२२ पाटीसाठी भरलेला कर यात धरलेला नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तो टळत नाही.

बाकी गाडीबद्दल तक्रार नाही. इंजिन सकाळी पहिल्या चावीला सुरू होते, लिटरला तेरा-साडेतेरा पडते, डिकीत तांदळाची तीन पोती बसतात. मी तिच्यावर रागावलो तो काळ आता संपला आहे.

२०२५ चा पावसाळा ही दुरुस्तीची परीक्षा होती, आणि खानापूर-कणकुंबीकडचा पाऊस कुणाला सवलत देत नाही. नमदा कोरडा राहिला, काचा धुरकटल्या नाहीत. एका स्नेह्यांनी तळाला जळके ऑइल मारण्याचा सल्ला दिला होता. ट्रकवाले पूर्वी मारत असत, पण ते रबरी बुशांना फुगवते आणि अंगणही घाण करते, म्हणून मी ऐकले नाही. गोव्याहून आलो की खालून साध्या पाण्याने धुतो आणि चाकांच्या कमानीच्या आतल्या दुमडीतला खानापूरचा तांबडा चिखल बोटाने काढतो, कारण तो दुमडीत आठवडाभर ओला राहतो. झाकायचे कव्हरही पावसाळ्यात बंद केले आहे. ओल्या गाडीवर कव्हर घातले की ती आत वाफाळत बसते.

समुद्राबद्दलचे माझे मत मात्र पूर्ण मागे घेत नाही. मिठाने पाण्याचा मारा तीव्र होतो, त्यामुळे तुंबलेल्या पाण्यात थोडे जरी मीठ असले तरी सडण्याचा वेग वाढतोच. पुन्हा जुनी गाडी घ्यायची वेळ आली तर मी आधी अथणीकडे पाहीन. जिल्हा एकच, पण तिकडे पाऊस बेताचा. आणि तळाला नवा काळा लेप दिसला, तर बिल पाहण्याआधी भोके मोजीन.

डिसेंबर २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवायची तर तपासणी करून घ्यावी लागेल. डावी बाजू आता माझ्या भरवशाची आहे. उजव्या मागच्या कमानीच्या कडेला मात्र सप्टेंबरमध्ये मुगाच्या दाण्याएवढा एक फोड आला. त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढून तारीख लिहिली होती. काल पाहिले तर फोड त्या रेषेला टेकला होता. पुढच्या सोमवारी मिस्त्रींनी वेळ दिली आहे.