घरासाठी जिओथर्मल हीट पंप : यंत्रापेक्षा बोअर तपासून घ्या

जिओथर्मल म्हटलं की गरम पाण्याचे झरे डोळ्यांसमोर येतात. घरगुती हीट पंपाचा त्यांच्याशी काही संबंध नाही. साधारण दहा मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान ऋतूप्रमाणे बदलायचं जवळजवळ थांबतं आणि त्या ठिकाणच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतं. सरासरी 12 अंश असेल तर खाली बाराही महिने 12-13, सरासरी 26 असेल तर 26-27. हे यंत्र बोअरमध्ये किंवा चरात पुरलेल्या पाइपांतून (याला लूप म्हणतात) पाणी फिरवून थंडीत त्या जमिनीतून उष्णता उपसून घरात आणतं आणि उन्हाळ्यात घरातली उष्णता तिथे नेऊन सोडतं. कल्पना जुनी आहे. जमिनीतून अशी उष्णता घेण्याचं पेटंट हाइनरिश झोएली यांनी स्वित्झर्लंडमध्ये 1912 साली घेतलं होतं.

फायदा येतो तो तापमानातल्या फरकातून. बाहेर 42 अंश असताना साध्या एसीला आपली उष्णता त्याच तापलेल्या हवेत फेकावी लागते, त्यासाठी कंप्रेसर रेटून चालतो. जमिनीतून 28-30 अंशांचं पाणी येत असेल तर तेच काम बऱ्याच कमी दाबात होतं. कडाक्याच्या थंडीत उलट बाजूने तेच: हवेवर चालणाऱ्या पंपाच्या बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळवण्यासाठी मध्येमध्ये गरम करणं थांबतं. जमिनीवर चालणाऱ्या पंपाला ही अडचणच नाही. चांगल्या बसवणीत एक युनिट विजेमागे साडेतीन ते पाच युनिट उष्णता मिळते.

पण हा आकडा घरात किती गरम पाणी पाठवता यावर ठरतो. फरशीखालच्या पाइपांना 35 अंशांचं पाणी पुरतं, जुन्या रेडिएटरना 55 लागतं. पाण्याचं तापमान एक अंशाने वाढवलं की कार्यक्षमता ढोबळमानाने दोन-अडीच टक्के घसरते, त्यामुळे 35 ला साडेचार देणारं यंत्र 55 ला तीनच्या आसपास येतं. कॅटलॉगमध्ये नेहमी पहिला आकडा ठळक छापलेला असतो. शिवाय त्या आकड्यात पूर्ण लूपमधून पाणी फिरवणाऱ्या पंपाची सगळी वीज धरलेली नसते. दर टनामागे हा पंप 50-60 वॉट खात असेल तर उत्तम. 150 च्या पुढे गेला तर यंत्राने वाचवलेल्यातला चांगलाच वाटा तोच खाऊन टाकतो.

यंत्र कोणतं घ्यावं यावर लोक महिनोन्महिने घालवतात. चांगल्या कंपन्यांच्या यंत्रांत फरक थोडा असतो आणि यंत्र बिघडलं तर बदलता येतं. बोअर बदलता येत नाही. म्हणून या खरेदीतली निम्म्याहून जास्त चौकशी बोअर मारणाऱ्याकडे करावी.

आधी हिशेब. घराला 10 किलोवॉट उष्णता हवी आणि यंत्राचं गुणोत्तर 4 असेल (एका युनिट विजेमागे चार युनिट उष्णता), तर अडीच किलोवॉट वीज आणि साडेसात किलोवॉट जमिनीतून. खडक दर मीटरला 50 वॉट देत असेल तर 150 मीटर बोअर, म्हणजे 75 मीटरचे दोन. हे 50 वॉट सगळीकडे मिळत नाहीत. कोरड्या वाळूत 25 वॉटही कठीण, बेसाल्टमध्ये 40 ते 65, ग्रॅनाइटमध्ये 65 ते 85, पाण्याने भरलेल्या वाळू-खडीत 65 ते 80. हे आकडे वर्षाला साधारण 1800 तास गरम करण्यासाठी धरले जातात. तास वाढले की दर मीटरचा वाटा कमी धरावा लागतो.

थंड करताना हिशेब फिरतो, आणि इथेच सर्वात जास्त गल्लत होते. तीन टनांचं यंत्र घरातून साडेदहा किलोवॉट उष्णता काढतं, पण जमिनीत सोडतं तेरा, कारण कंप्रेसरने खाल्लेली वीजही उष्णता होऊन तिथेच जाते. एसी मुख्य गरज असलेल्या घरात गरम करण्याच्या हिशेबाने बोअर मारला तर जमीन उन्हाळ्यात जितकी तापते तितकी थंडीत निवत नाही. दरवर्षी थोडीथोडी गरम होत जाते आणि पहिल्या वर्षी सुरेख चाललेलं यंत्र चौथ्या-पाचव्या वर्षी कुरकुरू लागतं. दोन बोअरमध्ये किमान सहा मीटर अंतर ठेवायला सांगतात ते यासाठीच. जवळजवळ मारलेले बोअर एकमेकांनाच तापवतात. कंत्राटदाराने ‘टनाला एक बोअर’ असं न मोजता सांगितलं तर तिथूनच परत फिरावं. त्याच्याकडे घरातल्या प्रत्येक खोलीच्या उष्णतेचा हिशेब मागावा, वर्षात किती उष्णता जमिनीतून घेणार आणि किती टाकणार याचाही.

बोअर मारताना प्रत्यक्ष उभं राहून पाहण्यासारखं काम एकच आहे: भराव, म्हणजे पाइप आणि बोअरची भिंत यांमधली पोकळी भरणं. पाइप एचडीपीईचा (एक टणक प्लास्टिक), बोअरच्या तळाशी वळणारा यू-बेंड कारखान्यातच जोडलेला, बोअरच्या आत दुसरा एकही जोड नको. पाइप खाली सोडण्याआधी पाण्याने भरून दाबावर तपासायचा, भराव झाल्यावर पुन्हा तपासायचा. भरावाचं मिश्रण बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) आणि सिलिका वाळूचं किंवा ग्राफाइटचं असावं, आणि ते तळापर्यंत सोडलेल्या नळीतून खालून वर भरत आलं पाहिजे. बोअरमधून निघालेली खडी-माती वरून ओतून देणं हा कामातला सर्रास चोरटा मार्ग आहे. मध्ये पोकळ्या राहतात, पाइपाभोवती हवा राहते, आणि हवेतून उष्णता जात नाही. वरचं घाण पाणी भूजलात उतरतं ते वेगळंच. नुसत्या बेंटोनाइटपेक्षा वाळू किंवा ग्राफाइट मिसळलेलं मिश्रण दुपटीच्या आसपास उष्णता वाहून नेतं. तेवढ्याने बोअरची लांबी कमी करता येते. हा खर्च करण्यासारखा आहे.

जागा मोठी असेल तर दीड-दोन मीटर खोल चर खणून आडवे पाइप टाकता येतात. टनामागे 120 ते 180 मीटर पाइप धरावा. स्वस्त पडतं, पण तिथे ऋतूंचा परिणाम पोहोचतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी माती सुकली की नेमकं गरजेच्या वेळी बळ कमी पडतं.

चालू झाल्यावर घरमालकाला यंत्राची तब्येत दोन थर्मामीटरवर कळते. लूपमधून यंत्रात येणारं आणि यंत्रातून परत जाणारं पाणी, या दोन पाइपांवर एकेक थर्मामीटर हवाच; नसेल तर बसवून घ्यावा. टनामागे मिनिटाला साधारण 11 लिटर पाणी फिरत असेल तर थंड करताना फरक 5-6 अंश आणि गरम करताना 3-4 अंश दिसतो. मिनिटाचे लिटर गुणिले अंशांतला फरक गुणिले 0.07 केलं की किलोवॉट मिळतात: 33 लिटर आणि 5.7 अंश म्हणजे 13 किलोवॉट, वरच्या तीन टनांच्या हिशेबाशी जुळणारे. फरक 9-10 वर गेला तर पाणी कमी फिरतंय: गाळणी तुंबली असेल किंवा लूपमध्ये हवा अडकली असेल. फरक अगदीच एक-दीड अंश उरला तर पाणी ठीक आहे, कंप्रेसरचं काम होत नाही; गॅस कमी झालाय का ते पाहायचं.

लूपमध्ये हवा राहण्याची तक्रार नव्या बसवणीत फार येते. लूप सुरुवातीला सेकंदाला किमान 0.6 मीटर वेगाने पाणी फिरवून धुवावा लागतो, आणि हे काम घरच्या छोट्या पंपाने होत नाही, मोठा फ्लशिंग पंप लागतो. तो न आणणारा माणूस आठवडाभर हवा काढत बसतो. थंडीत लूप गोठण्याच्या जवळ जात असेल तर 20-25 टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. ते उणे सात ते दहा अंशांपर्यंत सांभाळतं. जिथे लूप कधीच इतका थंड होत नाही तिथे नुसतं पाणी ठेवावं. ग्लायकॉलने द्रव घट्ट होतो, उष्णताही कमी घेतो आणि पंपाला जोर जास्त लागतो.

आणखी एक चूक म्हणजे मोठं यंत्र. ‘असू दे एक टन जास्त’ म्हणून घेतलं की ते पाच मिनिटं चालतं आणि बंद होतं. हवा गार होते पण ओलावा निघत नाही, खोली दमटच राहते, कंप्रेसरही लवकर झिजतो. फरशीच्या पाइपांतून थंड पाणी फिरवणाऱ्यांनी तर दमटपणाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं. पाणी हवेच्या दवबिंदूखाली गेलं की फरशी ओली होते.

बाकी सुख पुष्कळ आहे. बाहेर आवाज करणारा, उन्हापावसात गंजणारा डबा नसतो. कंप्रेसर घरात असल्याने रबरी पाय आणि लवचिक होज लावावेत, आणि झोपायच्या खोलीच्या भिंतीला यंत्र टेकवू नये. डीसुपरहीटर (कंप्रेसरच्या गरम गॅसवर अंघोळीचं पाणी तापवणारा जोडभाग) घेतला तर उन्हाळ्यात अंघोळीचं पाणी जवळजवळ फुकटात तापतं. थंडीत तो घराच्याच उष्णतेतला वाटा घेतो, हे मात्र विक्रेते सांगत नाहीत. नीट जोडलेला पाइप पन्नास वर्षं टिकतो, यंत्र वीस-पंचवीस.

विक्रेते अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा 1993 चा अहवाल दाखवतात: हवेवरच्या हीट पंपापेक्षा 44 टक्क्यांपर्यंत कमी ऊर्जा. तेव्हाचे हवेवरचे पंप आजच्यासारखे इन्व्हर्टर, म्हणजे गरजेप्रमाणे कंप्रेसरचा वेग बदलणारे, नव्हते. तो आकडा आज जसाच्या तसा धरू नये. हवामान सौम्य असेल, तर चांगला इन्व्हर्टर पंप घ्यावा आणि उरलेले पैसे छताच्या व भिंतींच्या इन्सुलेशनवर घालावेत. जिथे हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही कडक आहेत, घर नवं बांधलं जातंय आणि बोअरचं यंत्र आत येऊ शकतं, तिथे याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

शेवटचा हप्ता देण्याआधी चार कागद हातात घ्यावेत: बोअरची खोली आणि लागलेले थर, भरावाचं मिश्रण आणि किती पोती गेली, दाबचाचणीची नोंद, आणि बोअर व चर कुठे आहेत त्याचा मोजमापासह नकाशा. पोत्यांची संख्या बोअरच्या व्यासाशी आणि खोलीशी जुळत नसेल तर आत काय भरलंय ते विचारायची वेळ तीच आहे.